जुनी फोर्ड आयकॉन घरीच उभी करताय? आधी कागद, मग पत्रा

१९९९ मध्ये ‘जोश मशीन’ म्हणून आलेली आयकॉन घरी दुरुस्त करायची तर क्रम चुकवू नका.

कागद : खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणीत पास झाली तरच ५ वर्षांचं नूतनीकरण. मुदत संपली असेल तर आधी आरटीओत चौकशी, मग खर्च. रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते.

आतली बाजू : बॅटरीची मायनस वायर सोडा. सीट, कार्पेट काढून सावलीत वाळवा. खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आरपार गेला तर नुसती लांबी भरून भागत नाही. तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागतो. ते काम वेल्डरचंच.

चाकं : आयकॉनच्या चार बोल्टांचं वर्तुळ १०८ मिमीचं, स्विफ्टचं १०० मिमीचं. स्विफ्टची अलॉय बसणार नाहीत. टायरवर ‘२३१९’ असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक होऊन तडकतं.

महत्त्वाचं : नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. जॅक घसरतो, वीट फुटते. लोखंडी स्टँड लावा, मगच खाली जा.