हिस्टामिन मोजण्याची गोष्ट: उजेडाच्या आधीची पायरी

बांगडा, कुपा अशा माशांत हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. पकडलेला मासा बर्फात नीट ठेवला नाही, तर काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ला की चेहरा लाल होतो, खाज सुटते, डोकं दुखतं. शिजवून हिस्टामिन जात नाही आणि मासा दिसायला चांगलाही असू शकतो. म्हणून ते मोजावंच लागतं. कोडेक्सच्या मानकांत सुरक्षिततेची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे.

पूर्वी हिस्टामिन कसं मोजायचे, माहीत आहे? गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा किती आकसतो, ते बघून! मग १९५५ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बोमन आणि सहकाऱ्यांनी स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटर मांडला. प्रतिदीप्ती, म्हणजे आपण लॅबमध्ये म्हणतो तो फ्लुओरेसन्स, वेगवेगळ्या तरंगलांबींवर मोजणं त्यामुळे सोपं झालं. १९५९ मध्ये शोअर, बर्कहॉल्टर आणि कोन यांनी ऊतींमधलं हिस्टामिन मोजायची पद्धत दिली. तीव्र अल्कलीत ऑर्थो-थॅलाल्डिहाइड (ओपीए) घालायचं, काही मिनिटांनी आम्ल घालून अभिक्रिया थांबवायची आणि निळसर उजेड मोजायचा.

हा पेपर वाचताना आपलं लक्ष ओपीएकडे जातं. पण खरी मेख त्याच्या आधी आहे. हिस्टिडिन आणि हिस्टामिन यांच्यात फरक फक्त एका कार्बोक्सिल गटाचा. ओपीएसोबत हिस्टिडिनही चमकतं. माशात हिस्टिडिन किलोमागे काही ग्रॅम असू शकतं, हिस्टामिन मात्र मिलिग्रॅममध्ये शोधायचं असतं. म्हणजे दोन्ही एकत्र राहिले, तर ताजा मासासुद्धा खराब ठरेल. शोअर यांनी मीठ आणि अल्कली घालून हिस्टामिन ब्युटेनॉलमध्ये ओढून घेतलं. हिस्टिडिन पाण्यात मागे राहिलं. मासळीसाठीच्या एओएसीच्या अधिकृत पद्धतीत हेच काम आयन-विनिमय स्तंभ करतो.

पुढे १९७१ मध्ये रॉथ यांनी त्याच ओपीएसोबत मरकॅप्टोइथेनॉल वापरलं, आणि जवळपास सगळीच अमिनो आम्लं चमकायला लागली. प्रोलिन सोडून, कारण त्यात प्राथमिक अमाइन गट नाही. संवेदनशीलता मिळाली, पण निवडकता गेली. म्हणून ओपीएला एचपीएलसीची जोड द्यावी लागली. स्तंभ रेणू वेगळे करतो, उजेड फक्त मोजतो.

आज ल्युमिनॉल किंवा रुथेनियम संयुगांच्या रासायनिक संदीप्तीवरचे पेपर वाचाल, तेव्हा 'शोध मर्यादा' बघून लगेच भारावून जाऊ नका. आधी नमुना कसा तयार केलाय, ते वाचा. ती मर्यादा शुद्ध द्रावणातली आहे की खऱ्या माशातली? हिस्टिडिन मुद्दाम घालून तपासलंय का? प्रपोजल लिहिताना हाच प्रश्न स्वतःच्या पद्धतीलाही विचारा. गाइडने विचारायच्या आधी आपणच विचारलेला बरा!