भोजनाची वेळ आणि रात्रीची विश्रांती : मठापासून गिरणीपर्यंत

माणसाने काय खावे याविषयी धर्मग्रंथांत व वैद्यकग्रंथांत विपुल लिहिले गेले आहे. मात्र केव्हा खावे, या प्रश्नाच्या इतिहासाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः जेवणाची आणि निजण्याची वेळ कोण ठरवितो, यावर सामान्य माणसाचे आरोग्य पुष्कळ अंशी अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत लेखात याची दोन उदाहरणे पाहावयाची आहेत : एक सहाव्या शतकातील इटलीचे, दुसरे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे.

पवित्र शास्त्राला हा विषय अपरिचित नाही. कष्टकऱ्याने थोडे खाल्ले काय किंवा पुष्कळ खाल्ले काय, त्याला गोड झोप लागते, पण धनवानाची समृद्धी त्याला झोपू देत नाही, असे निरीक्षण उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात आढळते. करिंथ येथील मंडळीत काही जण इतरांची वाट न पाहता आपले जेवण उरकीत आणि काही उपाशी राहत. उशिरा येणारे हे बहुधा दास व मजूर असावेत, असे अनेक भाष्यकार मानतात. एकमेकांसाठी थांबा, ही पौलाची आज्ञा म्हणजे भोजनाच्या वेळेविषयी मंडळीला मिळालेला पहिला नियमच होय. त्या नियमाचे माप मागे राहिलेल्या माणसावरून घेतले आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या आठव्या व एकेचाळिसाव्या अध्यायांत भोजन आणि निद्रा यांची सांगड घातलेली दिसते. हिवाळ्यात बंधूंनी रात्रीच्या आठव्या प्रहरघटकेस, म्हणजे आपल्या हिशोबाने सुमारे दोन वाजता, प्रार्थनेसाठी उठावे. निम्म्या रात्रीहून थोडी अधिक विश्रांती झालेली असावी व अन्न पचलेले असावे, असा तेथे स्पष्ट हेतू आहे. भोजनाची वेळ ऋतूप्रमाणे बदले : पुनरुत्थान सणापासून पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत जेवण दुपारी व संध्याकाळी, हिवाळ्यात दुपारी सुमारे तीन वाजता, उपवासकाळात संध्याकाळी. परंतु सर्व ऋतूंत एक अट कायम होती. दिवा लावावा लागू नये, उजेड आहे तोवरच सर्व उरकावे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, शेतात काम असेल किंवा उन्हाळा कडक असेल तर उपवासाच्या दिवशीही भोजन दुपारी बारा वाजता देण्याची मुभा मठाधिपतीला होती. शिस्त कठोर होती, तरी श्रमणाऱ्या देहापुढे ती वाकत असे.

दिवसाउजेडी जेवण्याची रीत आपल्याकडेही जुनी आहे. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या भागांतील जैन शेतकरी कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याचे व्रत पिढ्यान्‌पिढ्या पाळले जात आले आहे. त्यामागील मुख्य हेतू अहिंसेचा, आरोग्याचा नव्हे. तथापि त्यामुळे भोजन व निद्रा यांत काही तासांचे अंतर आपोआपच पडते.

हे अंतर यंत्रयुगाने मोडले. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. १८८१ च्या कायद्याने केवळ सात ते बारा वर्षांच्या मुलांचा विचार केला. प्रौढ कामगार त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्ध्या तासाचा विराम सर्वांना दिला. भाकरी बसून खाण्याच्या त्या अर्ध्या तासासाठी सात वर्षे लागली.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाही गेली. कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत वाढले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची सीमा घातली. १९४८ च्या कायद्याने सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक ठरविली. पण रात्रपाळी राहिली. गिरणगावातील एकाच खोलीत पाळीपाळीने निजणारे आणि खानावळीत अवेळी जेवणारे कामगार ही त्या शहराची नित्याची स्थिती होती.

अशा जीवनाची किंमत शरीर कशी देते, हे आता अधिक स्पष्ट झाले आहे. देहातील दैनंदिन घड्याळाच्या यंत्रणेवरील संशोधनाबद्दल हॉल, रोसबॅश व यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. म्हणून तेच अन्न सकाळपेक्षा रात्री उशिरा घेतल्यास रक्तातील साखर अधिक वाढते. जेवून लगेच आडवे झाल्यास आम्ल घशाशी येते व झोप मोडते; आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते. म्हणून भोजन व निद्रा यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे, असा सल्ला वैद्य देतात.

या इतिहासाचा पाळकांशी व धर्मशिक्षकांशी निकटचा संबंध आहे. कारण मंडळीच्या संध्याकाळच्या वेळा आपणच ठरवितो. उत्तर कन्नडातील जोयडा तालुक्यात नंदिगड्डे व आसपासच्या भागात वाड्या विखुरलेल्या, मध्ये रान. अशा ठिकाणी प्रार्थनासभा रात्री लांबली, तर शेतावरून आलेला माणूस अंधारातून घर गाठणार, उशिरा जेवणार आणि तसाच अंथरुणावर पडणार. पहाटे पुन्हा त्याला कामावर जावयाचे असते. त्रोवस येथे पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, तेव्हा युतुख खिडकीतच झोपी गेला, याचेही स्मरण असावे. तसेच मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीस उपवास सांगण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांचे मत घेणे हे आपले कर्तव्य होय.

बेनेडिक्ट यांनी उजेड पाहून वेळ ठरविली. लोखंडे यांनी थकलेल्या माणसाकडे पाहून वेळ मागितली. सभेची घंटा वाजविण्यापूर्वी आपल्या मंडळीतील शेवटच्या माणसाची चूल केव्हा पेटते, एवढे विचारून घ्यावे. त्याचे उत्तर मिळाले म्हणजे प्रार्थनेची योग्य वेळ ठरविणे कठीण नाही.