तळकवच, वाहनाचे : दासगाव–महाड–पोलादपूर परिसर

खडतर वाटांवर चालणाऱ्या गाडीच्या पोटाखाली इंजिनाचा ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, इंधनाची टाकी असे नाजूक भाग उघडे असतात. त्यांना दगडाचा मार बसू नये म्हणून चासीला बोल्टने आवळलेली धातूची प्लेट म्हणजे तळकवच. गॅरेजात तिला चेंबर गार्ड म्हणतात, सुट्या भागांच्या दुकानात स्किड प्लेट. प्लेट घेताना बहुतेक जण आधी जाडी विचारतात, मग किंमत. डोंगराळ, कोरड्या, खडकाळ मुलखात हा क्रम ठीक आहे. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, सावित्रीच्या खाडीकाठचे दासगाव आणि त्यामागचा महाड-पोलादपूरचा डोंगरपट्टा येथे मात्र तो चुकतो. प्लेटवर चिखल किती साचतो आणि ती किती सहज उतरवून धुता येते, हे येथे आधी पाहायला हवे. जाडीचा विचार त्यानंतर.

याचे कारण या भागाच्या जमिनीत आणि पाण्यात आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाली सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या खोऱ्यात भाताची खाचरे, वर काळ्या पाषाणाचे उतार आणि माथ्यावर कुठे कुठे जांभा. डोंगरातल्या वाड्यांकडे जाणारी कच्ची वाट एखादा वहाळ ओलांडते, मग बांधाच्या कडेने चिकण मातीतून जाते आणि शेवटी मुरूम नि धोंड्यांच्या चढाला लागते. पावसाळ्यात हाच उतार खाली येतो. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरडी कोसळल्या. २०२१ च्या त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. तळीयेला मदत पोचायला उशीर झाला, कारण खाली महाडला पूर होता आणि वर रस्त्यांवर राडारोडा. अशा राडारोड्यात सुटा दगड क्वचितच एकटा असतो. तो चिकण मातीत रुतलेला असतो, आणि गाडीचे पोट त्या दोन्हींवरून एकदमच घासत जाते. त्यात खाडीची भर, जिच्यातून एके काळी बोटीही येत. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि प्रतिनिधी मुंबईहून बोटीने आले ते दासगाव बंदरात उतरले होते. समुद्राची भरती इथवर आत येते, म्हणून खाडीकाठच्या वाटेवरच्या पाण्यात मीठ असते.

चिखलाचे वजन मोजले की मुद्दा उघड होतो. समजा पुढच्या बंपरपासून ट्रान्सफर केसच्या मागेपर्यंत दीड चौरस मीटर पोट ४ मिलिमीटर जाड पोलादाने सलग झाकले. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो, म्हणजे ही प्लेट सुमारे ४७ किलोची झाली. तिच्यावर, म्हणजे प्लेट आणि चेंबर यांच्यामधल्या फटीत, दोन सेंटिमीटर ओली चिकण माती बसली, तर घनमीटरला १,८०० किलो या हिशेबाने ती ५४ किलो भरते. गाडी प्लेटपेक्षा जास्त वजनाचा चिखल पोटात घेऊन फिरते, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यातले काही दिसत नाही. जवळून पाहिले तर हा थर नुसत्या मातीचा नसतो. त्यात भाताचे काड, सागाच्या पानांचे तुकडे, बारीक खडी असते. ज्या भोकांतून पाणी निथळायचे त्यांच्यावर आधी काड आडवे बसते, त्यावर माती लिंपली जाते आणि भोक बुजते. पाऊस ओसरला की इंजिनाच्या उष्णतेने वरचा थर भाजून कडक होतो, तळाचा मात्र आठवडेच्या आठवडे ओला राहतो. पत्र्याच्या चेंबरला गंज चढतो तो या ओल्या तळाशी, बोल्टांच्या कडेने आणि सीलच्या खाली. ज्या कवचाने चेंबर वाचवायचा, तेच घमेल्यासारखे ओल धरून त्याला कुजवू लागते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की गंज वर्षांनी लागतो, दगड मात्र एका क्षणात चेंबर फोडतो. म्हणून जाड प्लेट हीच खरी सुरक्षा. आक्षेपातला पहिला अर्धा भाग खरा आहे. चेंबर फुटला, तेल सांडले आणि गाडी तशीच चालवली तर इंजिन मिनिटांत जाम होते; वाडीवरून आजारी माणूस खाली आणणाऱ्या गाडीचे असे होणे परवडणारे नाही. पण जाडीने मिळणारे संरक्षण बोल्टच्या जागेवर अवलंबून असते. प्लेट चासीच्या दोन लांब कांबांना किंवा त्यांना जोडणाऱ्या आडव्या कांबेला आवळलेली असेल, तर धोंड्याचा मार चासीवर जातो. गिअरबॉक्सच्या माउंटिंगला किंवा पातळ ब्रॅकेटला आवळलेली असेल, तर तीच जाड प्लेट मार गोळा करून नाजूक भागापर्यंत पोचवते. शिवाय प्लेट आणि चेंबर यांच्यात बोटभर मोकळी जागा हवी, म्हणजे प्लेट वाकली तरी चेंबरला टेकणार नाही. आय.एस. २०६२ या भारतीय मानकातले ई-२५० प्रतीचे साधे पोलाद ३ मिलिमीटर जाड घेऊन त्याच्या कडा दुमडल्या आणि लांबीने दोन कंगोरे काढले, तर ते सपाट ४ मिलिमीटर प्लेटहून ताठ होते. वाकणे हा या पत्र्याचा दोष नव्हे. माराची ऊर्जा तो वाकण्यात खर्च करतो. वाकलेली प्लेट उतरवून महाडच्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडे ठोकून सरळ करता येते, आणि इथेही ती आधी उतरायला हवी.

दुसरा आक्षेप अॅल्युमिनियमच्या बाजूने असतो : ते हलके आणि न गंजणारे. हिशेबाने पाहता ६ मिलिमीटर अॅल्युमिनियम चौरस मीटरला सुमारे १६ किलो भरते, ३ मिलिमीटर पोलाद साडेतेवीस. वाकण्याचा प्रतिकार जाडीच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने हे अॅल्युमिनियम त्या पोलादापेक्षा जवळजवळ पावणेतीन पट ताठ ठरते. आकडे खरे आहेत, आणि प्लेटसाठी सहसा घेतला जाणारा ५०५२ हा मिश्रधातू खाऱ्या हवेत टिकतोही चांगला. पण तो पोलादी चासीला पोलादी बोल्टने बांधला जातो. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खाडीचे पाणी, अशी जोडणी विजेच्या घटासारखी काम करते आणि त्यात झिजते ते अॅल्युमिनियम. बोल्टच्या भोकाभोवती पांढरी भुकटी दिसू लागते, भोक मोठे होते, बोल्ट अडकतो. नायलॉनचे वॉशर आणि रबराची पट्टी घालून हे टाळता येते, पण दर वेळी प्लेट उतरवताना ती पुन्हा नीट बसवली तरच. काळ्या पाषाणावर घासताना अॅल्युमिनियम खरवडले जाते आणि दगडाला अडकते, पोलाद त्यावरून सरकते, हा फरकही आहे. कोरड्या पठारावर किंवा वजनाची फार काळजी असलेल्या गाडीला अॅल्युमिनियम शोभते. दासगावच्या खाडीकाठी गरम जस्ताचा मुलामा दिलेले ३ मिलिमीटर पोलाद अधिक बरे, कारण ओरखडा पडला तरी भोवतालचे जस्त आधी झिजते आणि आतले लोखंड राखते. नुसत्या पावडर कोटिंगला हा गुण नाही. त्याला चीर गेली की पाणी आतल्या बाजूने पसरते आणि वरून रंग शाबूत दिसत राहतो. स्टेनलेस स्टील महाग पडते आणि त्यालाही वेगळ्या धातूचीच अडचण आहे, फक्त उलट बाजूने : तिथे झिजते ती चासी.

पोट सलग झाकले की पुराच्या पाण्यात गाडी सुरक्षित राहते, ही समजूत या भागात घातक ठरू शकते. प्लेट म्हणजे झाकण नव्हे. पाणी चारी बाजूंनी आत येते. थार या गाडीसाठी तिच्या कंपनीने ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची मर्यादा सांगितली आहे. ती हवा खेचण्याच्या नळीची उंची, वायरिंग, अॅक्सलचे ब्रीदर अशा गोष्टींवरून ठरते. तळाच्या प्लेटने ती एक मिलिमीटरनेही वाढत नाही. उलट सपाट, रुंद तळाला वाहते पाणी खालून उचलते आणि चाकांची पकड कमी होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बस गेल्या. ज्या नदीने पूल नेला तिच्या पुरात पत्र्याच्या भरवशावर गाडी घालणे कुणीही मान्य करू नये.

सलग कवचाला आणखी एक अडचण उष्णतेची. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी जाळणारा फिल्टर स्वतःला साफ करताना सुमारे सहाशे अंश सेल्सियसपर्यंत तापतो. दिवाळीनंतर या डोंगरांवरचे गवत कमरेएवढे आणि वाळलेले असते. ते प्लेट आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये अडकले तर पेट घेऊ शकते. म्हणून सायलेन्सरच्या वाटेवरचा भाग उघडा ठेवावा. तुकड्यांचे कवच हेच येथे योग्य : एक तुकडा चेंबर आणि पुढच्या आडव्या कांबेखाली, दुसरा ट्रान्सफर केसखाली, आणि टाकी खाली लोंबत असेल तर तिच्यासाठी तिसरा. पहिल्या दोन तुकड्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ०.६ चौरस मीटर होते, म्हणजे ३ मिलिमीटर पोलादाचे चौदा किलो. तेल सोडण्याच्या नटाखाली हात जाईल एवढी खिडकी आणि कडेला दोन बोटे जातील अशी लांबट भोके हवीत. बारीक गोल भोके काडाने लगेच बुजतात.

कुठल्या गाडीला काय झाकायचे हे तिच्या खालच्या रचनेवर ठरते. जिमनी या गाडीला पुढेमागे दोन्हीकडे सलग अॅक्सल आहेत. स्प्रिंग दबली तरी डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो, म्हणून मार खाणारा भाग ठरलेला असतो. थारला आणि नव्या गुरखा गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. आदळल्यावर स्प्रिंग दबते, चासीचा पुढचा भाग खाली येतो आणि उभ्या गाडीत उंच वाटणारा चेंबर दगडाच्या टप्प्यात येतो. या दोन गाड्यांत पहिला तुकडा अधिक महत्त्वाचा. थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आणि जिमनीची २१० सांगितली जाते. प्लेट सर्वांत खालच्या भागाच्याही खाली २५ मिलिमीटर लोंबली तर दहा टक्क्यांहून अधिक उंची तिनेच खाल्ली. अशी प्लेट दगड टाळत नाही, त्याला शोधते.

कंपनीची मूळ प्लेट पुरेशी आहे, असेही म्हटले जाते, आणि अनेकांच्या बाबतीत ते बरोबर आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६, वरंध किंवा आंबेनळी घाट आणि गावापर्यंतचा डांबरी रस्ता एवढाच ज्यांचा प्रवास, त्यांनी जादा लोखंड टांगू नये. मात्र गाडीच्या खाली बसवून मिळणारे प्लास्टिकचे आवरण हे कवच नव्हे. ते हवा आणि शिंतोडे अडवते, धोंडा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीत लिहिलेली गाडीची वैशिष्ट्ये बदलू देत नाही, आणि समोर लावायच्या बुलबारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तळाची प्लेट बुलबारसारखी पुढे येत नाही. तरी ती बंपरच्या आधाराला किंवा एअरबॅगच्या सेन्सरच्या जागेला जोडू नये. धडकेत चुरगाळण्यासाठी ठेवलेला भाग तिने ताठ केला तर एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते.

नवी प्लेट बसवल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. बोल्टची डोकी प्लेटमध्ये बुडालेली असावीत, नाहीतर दगडाने घासून षट्कोन गोल होतो आणि पान्याला धरत नाही. मग गॅस कटर आणावा लागतो, तोही इंधनाच्या नळीशेजारी. धाग्यांना ग्रीस लावून ठेवले तर पावसाळ्यात दर पंधरवड्याला आणि खाडीच्या पाण्यातून गेल्यास त्याच दिवशी दोन्ही तुकडे उतरवून गोड्या पाण्याने धुणे, हे जॅक आणि एका पान्याने अर्ध्या तासात होते. प्लेट खाली आल्यावर आधी तिची वरची बाजू पाहावी, मग चेंबरचा तळ. तिथे ताजा ओरखडा असेल तर बोटभर जागा उरलेली नाही आणि प्लेट सरळ करण्याची वेळ झाली आहे.