ॲमेझॉनने ओरॅकल का सोडले, आणि सोडून कुठे पोहोचले

ऑक्टोबर २०१९. ॲमेझॉनच्या किरकोळ विक्रीच्या व्यवसायाने आपला शेवटचा ओरॅकल डेटाबेस बंद केल्याचे जाहीर केले. सुमारे ७,५०० डेटाबेस आणि त्यांतील ७५ पेटाबाइट माहिती, म्हणजे ७५ हजार टेराबाइट, दुसरीकडे हलवून झाली होती. शंभराहून अधिक तुकड्या या कामात गुंतल्या होत्या. दुकान एक क्षणही बंद न ठेवता सगळ्या रोजकीर्दी आणि खतावण्या बदलण्यासारखे हे काम होते. जगातील सर्वांत मोठा क्लाउड विक्रेता इतकी वर्षे दुसऱ्याच्या डेटाबेसवर का चालला, आणि तो सोडताना त्याला काय द्यावे लागले, हे समजले की आजच्या क्लाउड बाजारातील बरीचशी भांडणे आपोआप उलगडतात.

गोष्टीचे मूळ १९७० मध्ये आहे. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती तक्त्यांत मांडावी, तिच्यातील नाती गणिती नियमांनी शोधावीत, आणि माहिती यंत्रात नेमकी कोठे ठेवली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करू नये, असा त्याचा गाभा. आयबीएमने या कल्पनेवर संशोधन केले, पण ती बाजारात आणायला घाई केली नाही. ती घाई लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स यांनी केली. १९७७ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि १९७९ मध्ये ओरॅकल विकायला सुरुवात केली. पहिल्या विक्रीयोग्य आवृत्तीला त्यांनी ‘आवृत्ती २’ म्हटले. पहिली आवृत्ती घ्यायला कोणी धजावत नाही, हे व्यापारी शहाणपण त्यामागे होते.

ओरॅकलचा माल अस्सल होता, हे मान्य केल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. एका खात्यातून रक्कम वजा व्हावी आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज जावी, तरी हिशेब चुकत नाही, ही हमी बँकांना, विमा कंपन्यांना आणि रेल्वेला हवी होती. त्या हमीची किंमतही तशीच होती. एंटरप्राइज आवृत्तीचा छापील दर एका प्रोसेसरला ४७,५०० डॉलर, आणि त्यावर दरवर्षी २२ टक्के देखभाल शुल्क. मुंबईच्या पागडीत एकदा मोठी रक्कम मोजली की भाडे तरी नाममात्र राहते; येथे पागडीही भारी आणि भाडेही भारी. शिवाय खरे कुलूप दरात नव्हतेच. ओरॅकलच्या स्वतःच्या पीएल/एसक्यूएल या भाषेत व्यवसायाचे नियम लिहिले जात. दहा वर्षे असे नियम साठले की डेटाबेस बदलणे म्हणजे व्यवसायाचे तर्कशास्त्रच नव्याने लिहिणे ठरते.

मुंबईचा या कथेशी एक सरळ धागा आहे. सिटीबँकेच्या पोटातून निघालेल्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या आय-फ्लेक्स सोल्युशन्स या कंपनीचे ‘फ्लेक्सक्यूब’ हे बँकिंग सॉफ्टवेअर ओरॅकलवर चालत असे आणि जगभरच्या बँकांत पोहोचले होते. २००५ मध्ये ओरॅकलने आय-फ्लेक्समधील सिटीग्रुपचा हिस्सा विकत घेतला. २००८ मध्ये कंपनीचे नावच ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर झाले. डेटाबेस विकणाऱ्याने आता त्यावरची बँकही विकायला घेतली.

ॲमेझॉनचे दुखणे वेगळे होते. २००४ च्या नाताळच्या हंगामात, खरेदी ऐन भरात असताना, त्यांची यंत्रणा अडखळली. ओरॅकलची सर्वांत वरची आवृत्ती होती, जाणते डेटाबेस प्रशासक होते, ओरॅकलच्या तज्ज्ञांचा सल्लाही हाताशी होता. तरी ताण पेलवेना. मग कंपनीने एक साधा प्रश्न विचारला: आपण या डेटाबेसकडून नेमके काय काम करून घेतो? उत्तर चकित करणारे होते. सुमारे ७० टक्के कामांत एक किल्ली देऊन एकच नोंद मागवली जात होती. आणखी २० टक्के कामांत अनेक नोंदी लागत, पण एकाच तक्त्यातून. कॉड यांच्या नात्यांच्या गणिताची गरज उरलेल्या थोड्या कामांनाच होती. बैलगाडीच्या फेऱ्यांसाठी आगगाडी पोसली जात होती.

यातून ‘डायनॅमो’ घडला. नऊ अभियंत्यांनी २००७ मध्ये त्याविषयी लिहिलेला निबंध आज अभिजात मानला जातो, आणि त्यातील सर्वांत मोलाचा भाग तांत्रिक नाही, दुकानदारीचा आहे. ग्राहकाने टोपलीत वस्तू टाकली तर ती नोंद कोणत्याही परिस्थितीत नाकारायची नाही, असे त्यांनी ठरवले. निम्मी यंत्रे बंद असोत, जाळे तुटलेले असो, टोपली उघडी राहिली पाहिजे. याची किंमत अशी की दोन ठिकाणी दोन वेगळ्या टोपल्या तयार होऊ शकतात, आणि नंतर त्या एकत्र करताना ग्राहकाने काढून टाकलेली वस्तू पुन्हा टोपलीत दिसू शकते. ॲमेझॉनने ही चूक पत्करली. नको असलेले पुस्तक दिसले तर ग्राहक ते पुन्हा काढेल. टोपलीच बंद दिसली तर तो दुसऱ्या दुकानात जाईल.

येथे तुलनेचा खरा निकष हाती लागतो. कोणता डेटाबेस वेगवान, हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्या धंद्याला कोणती चूक परवडते, हा पहिला. पुस्तकविक्रेत्याला जी चूक चालते ती बँकेच्या शिलकीत चालत नाही.

डायनॅमो मात्र ॲमेझॉनच्या आतच फारसा पसरला नाही, आणि याचे कारण मार्मिक आहे. तो उत्तम होता, पण प्रत्येक तुकडीला तो स्वतः उभारावा आणि सांभाळावा लागे. दरम्यान कंपनीने बाहेरच्या ग्राहकांसाठी भाड्याचा व्यवसाय सुरू केला होता: मार्च २००६ मध्ये साठवण, एका गिगाबाइटला महिन्याला १५ सेंट, ऑगस्टमध्ये संगणक, तासाला १० सेंट. २००७ अखेर आलेला ‘सिंपलडीबी’ हा डेटाबेस डायनॅमोपुढे दुबळा होता. एका विभागात १० गिगाबाइटपेक्षा अधिक मावत नसे. तरी कंपनीतले अभियंते त्याच्याकडे वळले, कारण तो कोणीतरी दुसरे सांभाळत होते. लोकांना सामर्थ्यापेक्षा निश्चिंती हवी असते, हे कळल्यावर दोहोंचा मेळ घालून जानेवारी २०१२ मध्ये ‘डायनॅमोडीबी’ आला. त्याआधी, २००९ मध्ये, ओळखीचा मायएसक्यूएल सांभाळून देणारी ‘आरडीएस’ सेवा आली होती. २०११ मध्ये त्याच सेवेत ओरॅकलही भाड्याने मिळू लागला.

प्रतिस्पर्ध्यांचे स्वभाव निराळे. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये अझूर व्यापारी रूपात आणले आणि कचेऱ्यांत आधीच असलेला एसक्यूएल सर्व्हर क्लाउडवर नेण्याचा रस्ता धरला: जे येते तेच वापरा, फक्त जागा बदला. गूगलने उलट दिशा घेतली. २०१२ मध्ये जगापुढे मांडलेल्या ‘स्पॅनर’मध्ये त्यांनी माहितीकेंद्रांत आण्विक घड्याळे आणि जीपीएस बसवून खंडोखंडीच्या व्यवहारांचा क्रम नेमका लावला. ॲमेझॉनने ज्या अचूकतेवर पाणी सोडले होते, तीच गूगलने घड्याळांच्या जोरावर परत मिळवली. बाहेरच्या ग्राहकांना स्पॅनर २०१७ मध्ये मिळाला. ॲमेझॉनचे म्हणणे असे की प्रत्येक कामाला त्याचे हत्यार. ऐकायला छान, पण दहा हत्यारे सांभाळायला दहा जाणकार लागतात, हे छोट्या कंपनीला बिल येण्याआधी कळलेले बरे.

ओरॅकलने हे सारे प्रथम हसण्यावारी नेले. २००८ मध्ये एलिसन यांनी ‘क्लाउड’ या शब्दाचीच जाहीर टवाळी केली होती. २०१४ मध्ये ॲमेझॉनने ‘अरोरा’ जाहीर केला. हा मायएसक्यूएलची भाषा बोलणारा, पण प्रत्येक माहितीच्या सहा प्रती तीन वेगळ्या केंद्रांत ठेवणारा डेटाबेस होता, आणि महागड्या व्यापारी डेटाबेसचा पर्याय म्हणूनच तो पुढे केला गेला. मग प्रकरण हसण्यावारी राहिले नाही.

जानेवारी २०१७ मध्ये ओरॅकलने परवान्याचा हिशेब बदलला. स्वतःच्या यंत्रांवर इंटेलच्या दोन गाभ्यांना एक परवाना पुरत असे. ॲमेझॉन आणि अझूरवर ही सवलत बंद झाली. तोच डेटाबेस, तेच काम, पण प्रतिस्पर्ध्याच्या क्लाउडवर परवाने दुप्पट. तंत्रज्ञानाची लढाई नियमपुस्तिकेच्या एका पानावर लढली गेली. त्या वर्षअखेरीस गुंतवणूकदारांशी बोलताना, ओरॅकल कोण सोडत नाही हे सांगतो, अशी सुरुवात करून एलिसन यांनी नाव घेतले ते ॲमेझॉनचे: याच तिमाहीत त्यांनी आमच्याकडून आणखी पाच कोटी डॉलरचा माल घेतला! टोमणा झोंबणारा होता, कारण तो खरा होता.

स्थलांतर सोपे गेले नाही. २०१८ च्या प्राइम डे विक्रीत ओहायोतील एका मोठ्या गोदामाचे काम खोळंबले. ओरॅकलऐवजी अरोरा वापरल्यामुळे हे घडले, असे अंतर्गत अहवालाच्या आधारे सीएनबीसीने छापले; ॲमेझॉनने हा निष्कर्ष मानला नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कंपनीचे ओरॅकलवरील प्रचंड माहितीकोठार बंद होऊन काम ‘रेडशिफ्ट’वर गेले. या नावातला लाल रंग ओरॅकलचा, असा तर्क जाणकार आजही करतात. वर्षभराने शेवटचा डेटाबेस मिटला. डेटाबेसचा खर्च ६० टक्क्यांहून अधिक घटला, असा कंपनीचा दावा होता, आणि तोही ओरॅकलकडून मोठी सूट मिळत असताना. बाहेरून घेतलेली, ओरॅकलला घट्ट बांधलेली काही सॉफ्टवेअरे मात्र तशीच राहिली, हे त्याच घोषणेत नोंदवलेले आहे.

पण हा आकडा दुसऱ्या कोणी जसाच्या तसा धरू नये. ॲमेझॉन ओरॅकलच्या घरातून निघून स्वतःच्या घरात गेले. बाकीचे ग्राहक निघतात ते दुसऱ्या घरमालकाकडे जायला. डायनॅमोडीबी दुसऱ्या कोणत्याही क्लाउडवर मिळत नाही. माहिती आत नेणे फुकट आणि बाहेर काढणे सशुल्क, हा रिवाज क्लाउडवाल्यांनी वर्षानुवर्षे चालवला. कायमचे सोडून जाणाऱ्यांना ते शुल्क माफ झाले २०२४ मध्ये: आधी गूगलने, मग ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने. युरोपातील नव्या माहिती कायद्याचे सावट तोवर पडले होते. आणि ओरॅकलचा परवान्याचा डाव एकट्या ओरॅकलचा राहिला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्येच, म्हणजे ॲमेझॉनच्या सुटकेच्या महिन्यात, मायक्रोसॉफ्टनेही आपले परवाने ॲमेझॉन आणि गूगलच्या यंत्रांवर नेण्याचे नियम आवळले.

भारतात या तुलनेला आणखी एक कसोटी लागली. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश दिला की पैसे देण्याघेण्याच्या यंत्रणांची माहिती केवळ भारतातच साठवावी, आणि त्यासाठी सहा महिने दिले. मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई आणि चेन्नईची केंद्रे २०१५ पासून, ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून आणि गूगलचे २०१७ पासून चालू होते, म्हणून निभावले. एरवी दर आणि वेग यांचे तक्ते मांडून बसलेल्या वित्त कंपन्यांना पहिली ओळ बदलावी लागली: सेवा कोणत्या देशात आहे?

सप्टेंबर २०२३ मध्ये एलिसन रेडमंडला जाऊन सत्या नडेला यांच्या शेजारी उभे राहिले. ओरॅकलची यंत्रे आता अझूरच्या माहितीकेंद्रांत बसणार होती. जून २०२४ मध्ये गूगलशी तसाच करार झाला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लास व्हेगास येथील ओरॅकलच्या मेळाव्यात ॲमेझॉनच्या क्लाउड व्यवसायाचे प्रमुख मॅट गार्मन मंचावर आले. ॲमेझॉनच्या माहितीकेंद्रात ओरॅकलची एक्साडेटा यंत्रे, चालवणार ओरॅकल, बिल ॲमेझॉनचे. ग्राहकाने आपला जुना ओरॅकल परवाना तेथे आणला तरी चालतो.