‘ओव्हरीत गाठी’ म्हणजे नक्की काय? पीसीओएसची तीनशे वर्षांची गोष्ट

सतरा वर्षांची मुलगी आणि तिची आई ओपीडीत येतात. आईच्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो: ‘दोन्ही ओव्हरी पॉलिसिस्टिक’. आईचा प्रश्न ठरलेला असतो, “डॉक्टर, गाठी आहेत म्हणे. ऑपरेशन करावं लागेल का? हिला पुढे मूल होईल ना?” मुलगी मान खाली घालून बसलेली असते.

तुमच्या घरात असा रिपोर्ट आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ही भीती बरीचशी आजाराच्या नावामुळे आलेली आहे. त्या काळात डॉक्टरांना जे डोळ्यांनी दिसलं, त्यावरून हे नाव पडलं. ते कसं पडलं हे कळलं, की उपचारांत आहार आणि व्यायामाला एवढं महत्त्व का, हेही कळेल.

कबुतराच्या अंड्याएवढे बीजांडकोश

१७२१ साली इटलीतील वैद्य अंतोनियो वालिस्नेरी यांनी एका तरुण, विवाहित शेतकरी स्त्रीची नोंद करून ठेवली. ती थोडी स्थूल होती आणि तिला मूल होत नव्हतं. तिचे बीजांडकोश, म्हणजे ओव्हरी, मोठे, उंचसखल, पांढरट आणि चकचकीत होते. आकार कबुतराच्या अंड्याएवढा. वजन आणि वंध्यत्व या दोन्ही गोष्टी त्या नोंदीत शेजारी शेजारी आहेत, पण त्यांचं नातं तेव्हा कुणाला कळणं शक्य नव्हतं.

बरोबर २०० वर्षांनी, १९२१ साली, फ्रान्समधील आशार आणि तिएर या डॉक्टरांनी चेहऱ्यावर दाढीसारखे केस येणाऱ्या स्त्रीतील मधुमेहाचं वर्णन केलं. पुरुषी केस आणि रक्तातली साखर यांचा काही संबंध असावा, हा धागा तिथे मिळाला होता. पण तो बरीच वर्षं तसाच पडून राहिला.

शिकागोच्या सात स्त्रिया

१९३५ साली शिकागोतील आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. पाळी न येणं, मूल न होणं, काहींच्या अंगावर जादा केस आणि मोठे झालेले बीजांडकोश असं ते चित्र होतं. त्यांनी पोट उघडून प्रत्येक बीजांडकोशाचा मोठा तुकडा पाचरीसारखा कापून काढला. सातही जणींची पाळी परत सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले.

साहजिकच डॉक्टरांनी मानलं, की दोष बीजांडकोशात आहे आणि तो कापला की आजार बरा होतो. पुढची काही दशकं ही शस्त्रक्रिया होत राहिली. कापल्यामुळे पुरुषी हार्मोन बनवणारा भाग कमी होई, म्हणून पाळी येई. पण अनेकींमध्ये हा परिणाम टिकत नसे. शिवाय आतल्या जखमा भरताना अवयव एकमेकांना चिकटत, आणि त्यातूनच गर्भधारणेला नवी अडचण उभी राही. १९६० च्या दशकात स्त्रीबीज तयार होण्यासाठी क्लोमिफीन ही गोळी आली आणि ही शस्त्रक्रिया मागे पडत गेली.

त्या ‘गाठी’ खरंच गाठी आहेत का?

नाहीत. दर महिन्याला बीजांडकोशात स्त्रीबीजाच्या अनेक लहान पिशव्या वाढू लागतात. त्यांतली एक मोठी होते आणि फुटून बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये ही वाढ मध्येच थांबते. काही मिलिमीटरच्या या पिशव्या कडेने मोत्याच्या माळेसारख्या दिसतात. त्या कापून काढायच्या नसतात.

१९८० च्या दशकात सोनोग्राफी सर्वत्र पोहोचली, तेव्हा काही तक्रार नसलेल्या निरोगी स्त्रियांपैकीही साधारण पाचातल्या एकीत असे बीजांडकोश दिसले. म्हणून केवळ सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरत नाही.

मूळ सापडलं ते इन्सुलिनमध्ये

१९८० साली अमेरिकेतील मेम्फिसच्या संशोधकांनी स्थूल असलेल्या पण पीसीओएस नसलेल्या स्त्रियांशी तुलना केली. पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन जास्त होतं, आणि इन्सुलिन जास्त तसं पुरुषी हार्मोनही जास्त होतं.

याचं कारण असं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, तेव्हा स्वादुपिंड ते जास्त बनवतं. हे वाढलेलं इन्सुलिन बीजांडकोशाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. त्याच वेळी यकृत, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढलं की पुरळ येतात, हनुवटीवर केस उगवतात आणि पाळी लांबते.

१९९२ साली लंडनमधील एका अभ्यासात आहारावर नियंत्रण ठेवून ज्या स्थूल स्त्रियांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, त्यांतल्या बहुतेकींची पाळी सुधारली किंवा त्यांना दिवस गेले. ७० किलोच्या बाईसाठी हे साडेतीन किलो होतात. ‘आधी वजन कमी करा’ हा सल्ला ऐकताना टोमण्यासारखा वाटतो हे मला ठाऊक आहे, पण त्यामागे हे शास्त्र आहे.

आज निदान कसं करतात?

२००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. त्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून बाकीची कारणं बाजूला काढावी लागतात.

आणि मुलींच्या आयांनो, हे नीट वाचा: पाळी सुरू झाल्यापासून ८ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून पीसीओएसचं निदान करू नये, असं आजची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. वाढत्या वयात असे बीजांडकोश सहज दिसतात. त्या सतरा वर्षांच्या मुलीचा रिपोर्ट एवढ्यापुरता बाजूला ठेवता येतो. तिची पाळी, पुरळ आणि केस यांच्याकडे मात्र पाहायला हवं.

तुम्ही काय करू शकता?

- आठवड्यातून किमान १५० मिनिटं भरभर चाला किंवा दुसरा व्यायाम करा. त्यात दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असू द्या. वजन उतरलं नाही तरी शरीर इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागतं.
- कुठलाही एकच आहार सर्वांत चांगला ठरलेला नाही. भाकरी, पोळी, भात बंद करू नका, प्रमाण बघा. ताटात डाळ, उसळ, भाजी वाढवा. साखरेचा चहा, बिस्किटं, थंड पेयं कमी करा.
- कंबर मोजा. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या बाईच्याही पोटावर चरबी असू शकते. ८० सेंटिमीटरपुढे सावध व्हा.
- पुरेशी झोप घ्या.
- मेथीदाणे, दालचिनीच्या काढ्याचा पुरावा तोकडा आहे. त्यावर विसंबून चालू औषध बंद करू नका.

पाळी तीन महिने आली नाही, तर ‘येईल आपोआप’ म्हणून थांबू नका. गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं चांगलं नाही. आधी गर्भधारणा नाही ना ते पाहा आणि डॉक्टरांकडे जा. गोळ्या लागल्या तर घ्या. त्यात तुमचं काही चुकलं असं नाही.

आणि त्या आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होतं, कधी आपोआप, कधी थोड्या उपचाराने. हे मुलीसमोरच सांगा. तिने तो रिपोर्ट वाचलेला असतो.