सदेह स्वप्नप्रवेश

सदेह स्वप्नप्रवेश : झोपेत स्वप्न पाहण्याऐवजी हाडामांसाच्या देहासह स्वप्नसृष्टीत जाणे, ही अद्भुतकथेतील एक कल्पना. स्वप्न पाहणाऱ्याचा देह अंथरुणावरच असतो. म्हणून स्वप्न कितीही भयंकर असले तरी जाग येताच सुटका होते. देहच आत गेला की ही सोय उरत नाही. जखम, कैद, विस्मरण, परतीची वाट बंद होणे आणि आत झालेल्या व्यवहाराची फेड बाहेर करावी लागणे, असे या प्रवेशाचे पाच धोके कथांमधून ठळकपणे दिसतात. पाश्चात्त्य अद्भुतकथेचा भर पहिल्या चारांवर, तर भारतीय आणि मराठी कथापरंपरेचा भर मुख्यतः पाचव्यावर आहे.

पुराणकथा : या कल्पनेचे सर्वांत स्पष्ट भारतीय उदाहरण भागवत पुराणाच्या दशम स्कंधातील उषा-अनिरुद्ध कथेत सापडते. बाणासुराची कन्या उषा हिला पूर्वी कधी न पाहिलेला तरुण स्वप्नात भेटतो. तिची सखी चित्रलेखा एकेक चित्र काढून त्याची ओळख पटवते आणि योगबळाने द्वारकेतून झोपलेल्या अनिरुद्धाला उचलून शोणितपुरात आणते. उषेच्या दृष्टीने स्वप्न खरे झाले; अनिरुद्ध मात्र दुसऱ्याच्या स्वप्नात सदेह येऊन पडला. परिणामही देहालाच भोगावे लागतात. बाणासुर त्याला नागपाशाने बांधतो, त्याच्या सुटकेसाठी कृष्ण चालून येतो, बाणाच्या बाजूने शंकर उभे राहतात आणि सहस्रबाहू बाणाला अखेर चार हात उरतात.

हरिश्चंद्राच्या लोकप्रचलित कथेत राजा स्वप्नात विश्वामित्राला राज्य दान करतो आणि सकाळी ऋषी ते मागायला दारात उभा राहतो. येथे राजाचा देह स्वप्नात गेलेला नाही, तरी स्वप्नातला शब्द जागेपणी पाळावा लागतो. दक्षिणेसाठी राजा पत्नी तारामती, पुत्र रोहिदास आणि स्वतःलाही विकतो. हरिश्चंद्राचा पिता त्रिशंकू याने सदेह स्वर्गात जाण्याचा हट्ट धरला होता. देवांनी त्याला खाली लोटले, विश्वामित्राने मध्येच थोपवले आणि तो अधांतरी राहिला. देहासह परलोकात शिरणाऱ्याला दोन्हीकडे जागा राहत नाही, हा धोका त्रिशंकूच्या नावाने मराठीत रूढ झाला आहे.

योगवासिष्ठातील नियम : स्वप्नसृष्टीतील प्रवासाचे सर्वांत बारीक नियम योगवासिष्ठात आढळतात. लीला या राणीला मृत पतीचे दुसरे जग पाहायचे असते. स्थूल, म्हणजे आधिभौतिक देहाचा अभिमान सुटल्याशिवाय तेथे जाता येणार नाही, हे सरस्वती तिला समजावते. प्रवास आतिवाहिक, म्हणजे सूक्ष्म देहाने होतो. देह बाहेर ठेवणे ही येथे प्रवेशाची अटच आहे.

याच ग्रंथातील लवण राजाची कथा ही अट पाळूनही धोका टळत नाही, हे दाखवते. दरबारात आलेला ऐंद्रजालिक मोरपिसांचा कुंचा फिरवतो आणि घटकाभर निश्चल बसलेला राजा तेवढ्यात चांडाळ-वस्तीतील आयुष्य जगून येतो : लग्न, मुले, दुष्काळ आणि शेवटी अग्निप्रवेशाची तयारी. भानावर आल्यावर तो विंध्यातील त्या रानात जातो, तर तीच वस्ती आणि आप्तांसाठी शोक करणारी सासू त्याला भेटते. देह सिंहासनावरून हलला नव्हता, पण नाती खरी ठरली. गाधी ब्राह्मणाची कथाही याच घाटाची आहे.

मराठी संतपरंपरा : संतसाहित्यात स्वप्न हे अधिकृत भेटीचे ठिकाण आहे. तुकारामांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला, तर मराठवाड्यातील देवगावच्या बहिणाबाईंना कोल्हापुरात असताना तुकारामांचा अनुग्रह स्वप्नात मिळाला, असे त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांवरून कळते. या भेटींत देह जागचा हलत नाही. तरी देण्याघेण्याचा धागा सुटत नाही : गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितले आणि त्याचा विसर पडला, हे तुकाराम आवर्जून नोंदवतात.

समर्थ रामदासांचे (जन्म १६०८) जन्मगाव जांब हे आजच्या जालना जिल्ह्यात आहे. त्यांच्या ‘आनंदवनभुवनी’ या काव्यात रात्री पाहिलेले स्वप्न जसेच्या तसे प्रत्यक्षात उतरते आणि कवी हिंडत फिरत त्या भूमीत पोहोचतो. पायी चालत स्वप्नभूमीत जाण्याचे मराठीतील हे महत्त्वाचे काव्यरूप असून तेथे प्रवेश करणाऱ्याला धोका नाही. संकट येते ते दुर्जनांवर. रूपकात्मक आणि राजकीय आशयामुळे हे काव्य अद्भुतकथेत मोडत नाही. परंतु स्वप्नभूमी शुभ असू शकते, या पर्यायी विचाराचा तो ठळक नमुना आहे.

लोकसमजुतीतील चकवा : ग्रामीण महाराष्ट्रातील चकव्याची समजूत या कल्पनेला जवळची आहे. रात्री ओळखीच्या शिवारात चालणाऱ्या माणसाला चकवा लागतो, वाट सापडेनाशी होते आणि तो फिरून फिरून त्याच जागी येतो. माणूस जागा असतो, देहही त्याच रानात असतो. फक्त रानाचे नियम बदललेले असतात. धावपळ न करता बसून राहावे, उजाडले की चकवा सुटतो, असे मानतात. धोका थकव्याचा, आडविहिरीत पडण्याचा आणि घाबरण्याचा.

आधुनिक मराठी कथा : जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकच्या धडकेनंतर अशा मुंबईत वावरतात, जिथे १७६१ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. तिथल्या सभेत अध्यक्षाची प्रथा नाही. रिकाम्या खुर्चीकडे सरसावलेल्या पंतांना श्रोत्यांचा रोष पत्करावा लागतो. परत आल्यावर हा भ्रम होता असे म्हणण्याची सोय उरत नाही, कारण त्या जगातील बखरीचे एक पान त्यांच्याजवळ असते. नारळीकरांनी या प्रवासाला आपत्ती सिद्धांत आणि पुंजभौतिकी यांचा आधार दिला आहे. कथेचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्यांच्याच ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत दुसऱ्या मितीतून फिरून आलेल्या वस्तूचे आणि माणसाचे डावे-उजवे उलटते. तेथे प्रवासाची खूण थेट शरीरावर उमटते.

पाश्चात्त्य अद्भुतकथा : लुईस कॅरलच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये (१८६५) जाग येताच संकट संपते. नंतरच्या लेखकांनी ही पळवाट बंद केली. सी. एस. लुईस यांच्या ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’मध्ये (१९५२) जहाज अशा काळोख्या बेटाजवळ येते, जिथे स्वप्ने खरी होतात. मनोरथ नव्हे, झोपेतली स्वप्ने खरी होतात, हे कळताच आनंदलेले खलाशी पळ काढतात. मिखाएल एंडे यांच्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’त (१९७९) बास्टियन कल्पनासृष्टीत शिरतो, तेथील प्रत्येक इच्छापूर्तीची किंमत म्हणून त्याची एकेक आठवण जाते आणि शेवटी स्वतःचे नावही हरवते. वेस क्रेव्हन यांच्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) या चित्रपटात स्वप्नातला वार झोपलेल्याच्या अंगावर उमटतो.

सर्वांत सविस्तर मांडणी रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या मालिकेत आहे (१९९०–२०१३, जॉर्डन यांच्या निधनानंतर ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केली). तिच्यातील ‘तेल’अरानरिऑड’ या स्वप्नलोकात झालेली जखम जागेपणी कायम राहते आणि तेथील मृत्यू हा खराच मृत्यू असतो. देहासह तेथे जाणे स्वप्नविद्येच्या जाणकार स्त्रिया दुष्कृत्य मानतात. असे करणाऱ्याच्या माणूसपणाचा काही अंश झिजतो, अशी त्यांची धारणा आहे.

शरीरशास्त्रीय आधार : या कल्पनेमागील भीतीला वास्तवात एक समांतर आहे. ठळक स्वप्ने पडणाऱ्या आरईएम झोपेत मेंदू बहुतेक स्नायूंची हालचाल रोखून धरतो. हा अटकाव बिघडला तर माणूस स्वप्नानुसार हातपाय झाडतो, अंथरुणातून उडी मारतो आणि स्वतःला किंवा शेजारी झोपलेल्याला इजा करतो. ‘आरईएम निद्रा वर्तन विकार’ म्हणून याचे वर्णन शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये केले. देह स्वप्नापासून वेगळा राहतो, म्हणूनच रोजचे स्वप्न निरुपद्रवी असते.

मूल्यमापन : पाश्चात्त्य कथेत प्रश्न असतो तो परत येता येईल का, हा. उषा, हरिश्चंद्र, लवण आणि गंगाधरपंत यांच्या कथांत परतणे किंवा जागे होणे अवघड नाही. अवघड आहे ते त्यानंतरचे देणे चुकते करणे. युद्ध, गमावलेले राज्य, अनोळखी सासूचा शोक, बखरीचे पान अशी त्याची रूपे बदलतात. सदेह स्वप्नप्रवेशावर मराठीत स्वतंत्र, दीर्घ कादंबरी लिहू पाहणाऱ्याला हा फेडीचा धागा परंपरेतूनच आयता मिळालेला आहे.