गावात लाईन आली, पण घरात कधी?

चिमूर म्हटलं की सगळ्यांना १६ ऑगस्ट १९४२ आठवतो. आज मात्र विषय वेगळा आहे. तुम्ही आत्ता ज्या मोबाईलवर मला ऐकताय, तो चार्ज करणारी लाईन आपल्या भागातल्या घरांपर्यंत कशी पोचली? तारीख शोधायला गेलं की तीन-चार उत्तरं मिळतात, आणि गंमत म्हणजे कागदावर सगळीच बरोबर असतात.

सुरुवातीपासून बघू. २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ सुरू झालं. १९६९ मध्ये दिल्लीत ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आलं, गावोगावी लाईन न्यायला कर्ज देण्यासाठी. देशात धान्याची टंचाई होती, त्यामुळे भर होता कृषिपंपांवर. विहिरीवर मोटर बसली की पीक वाढणार, हा हिशोब. घरातला बल्ब नंतरचा.

आता मोजणी कशी व्हायची बघा. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली, की ते गाव 'विद्युतीकृत'. म्हणजे शिवारात एका शेतकऱ्याची मोटर चालली तरी अख्ख्या गावापुढे टिक! वस्तीत संध्याकाळी मातीच्या तेलाच्या चिमण्या जळत असल्या तरी चालायचं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे 'काम झालं' कशाला म्हणायचं ते आधी ठरवतात, कारण व्याख्या ढिली असली की काम अर्धवट राहतं आणि रिपोर्ट मात्र हिरवा दिसतो. इथं तेच झालं.

१९९७ मध्ये नियम बदलला: वीज शिवारात नाही, वस्तीत पाहिजे. २००४ मध्ये आणखी कडक झाला. वस्तीत आणि दलित वस्तीतही डीपी आणि तारा हव्यात, शाळा-ग्रामपंचायत-दवाखान्यात वीज हवी, आणि किमान १० टक्के घरांत कनेक्शन हवं. दहा टक्के! शंभर घरांच्या गावात नव्वद घरं अंधारात असली तरी गाव पास.

आपल्या जिल्ह्यात हे जास्त टोचतं. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र १९८३-८४ पासून सुरू आहे. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट. कोळसा इथला, पाणी इथलं, राखही इथलीच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची लाईन उभी राहिली, १,५०० मेगावॅट नेणारी. ती डीसी लाईन आहे, ५०० केव्हीची. तिच्या खालच्या गावाला तिच्यातून डीपी लावून वीज घेताच येत नाही. तिची दोन टोकं सोडली तर मधे कुणालाच ती उपयोगी नाही. खांब दिसायचे, वीज नाही. मुंबईच्या बाजूला वीज लागत होती हे खरंच आहे, पण पैसा आणि घाई कुठं लागली तेही दिसतं.

मग जंगल. चिमूर तालुका ताडोबाला लागून. लाईन जंगलातून न्यायची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागायची. दूरच्या टोलीसाठी तेवढी फाईल कोण हलवणार? २००६ च्या वनहक्क कायद्यात यावर वाट निघाली. ग्रामसभेची शिफारस असेल, जमीन एक हेक्टरपेक्षा कमी असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जात नसतील, तर विजेच्या तारांसाठी वनजमीन देता येते. शाळा, अंगणवाडी, रस्ते यांच्यासोबत विजेचं नाव त्या यादीत स्पष्ट लिहिलंय. म्हणून ग्रामसभेच्या ठरावाला हलकं समजू नका.

२००५ मध्ये राजीव गांधी योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घरांना फुकट कनेक्शन मिळू लागलं. त्याच वर्षी मंडळाचे तुकडे होऊन महावितरण वेगळी झाली. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरच्या लेइसांगमध्ये वीज पोचली आणि देशातली सगळी गावं विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं. पण त्याआधीच, सप्टेंबर २०१७ मध्ये, 'सौभाग्य' योजना आणावी लागली होती, कारण गावं मोजून झाली तरी घरं उरली होती. २०११ च्या सामाजिक-आर्थिक यादीत नाव असेल तर कनेक्शन मोफत मिळायचं, नसेल तर ५०० रुपये लागायचे, दहा हप्त्यांत. तार पोचणं अवघड होतं तिथं सोलर मिळायचं: पाच एलईडी दिवे, एक पंखा.

म्हणजे आधी पंप मोजला, मग गाव, मग घर. मोजायचं एकक जसजसं लहान झालं, तसतशी वीज आत आली. टोलीवरच्या माणसाला ती उशिरा मिळाली याचं एक मोठं कारण हे की बरीच वर्षं तो कुठल्याच रकान्यात नव्हता.

माझ्या मते पुढचं एकक तास असायला पाहिजे. घरात मीटर आहे, पण पावसाळ्यात फांदी पडून दोन दिवस लाईन नसेल, तर तो आकडा कुठं दिसतो?

आज घरी आजीला किंवा मोठ्या आईला विचारा: आपल्याकडे पहिला बल्ब कधी लागला, आणि गावात सगळ्यात शेवटी कुणाकडे? ते शेवटचं घर कुठल्या टोलीतलं होतं, ते लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.